बापूचे बिनरंगी डोंगर

बापूदादानं आयुष्यात एकाही डोंगराला रंग लावला नाही. डोंगर मात्र त्यानं ढिगानं केले. रद्दी भिजवायची, कुटायची, बायका कागदाच्या बुट्ट्यांसाठी घालतात तशी वाटलेली मेथी त्यात घालायची, अन् उपड्या पातेल्यावर लगदा थापून गच्चीवर वाळवायचा. वाळून निघायचं ते राखाडी, खडबडीत, कुरूप असं काहीतरी. वर मेथीचा कडू वास. आमची आई नाक मुरडायची. गल्लीत त्याचं नाव ‘डोंगऱ्या बापू’ पडलं, त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

हे डोंगर खेळासाठी होते. नव्वदचं दशक सरता सरता त्याच्या पुण्याच्या एका मित्रानं खेळाच्या नियमांची झेरॉक्स दिली होती. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं, अडलं की फासा टाकायचा. हिंगोलीत मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळच्या आमच्या घरी दर रविवारी आम्ही चौघं बसायचो: गोष्ट सांगणारा शेजारचा बापूदादा, मी, माझा भाऊ संजू आणि बापूदादाचा जिवलग मित्र गौतम. तेव्हा डोंगर नव्हते. फरशीवर खडूनं नकाशा काढला की झालं राज्य तयार.

पण गौतमची नजर जाऊ लागली होती. आधी संध्याकाळचं दिसेना, मग दिवसाही. नांदेडचे, औरंगाबादचे डॉक्टर झाले. एका रविवारी तो खडूच्या नदीतच पाय देऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तुमी खेळा. मला न्हाई जमत आता.” त्यानंतर तो स्टेशनामागच्या आपल्या घरातून बाहेरच पडेना. आमच्यातला सगळ्यांत बोलका माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. बापूदादाला समजूत घालणं कधी जमलंच नाही. त्यानं आपला पहिला डोंगर केला, तो काखोटीला मारून गौतमकडं गेला, त्याचा हात धरून त्यावर ठेवला, आणि त्याला सायकलवर डबलसीट बसवून आमच्याकडं घेऊन आला. मग दर रविवारी आणायचा.

त्याच्या डोंगरावर जे काही असे ते बोटांसाठी. रस्ता म्हणजे खरखरीत पॉलिश पेपरची पट्टी, नदी म्हणजे सायकलची फाटकी ट्यूब, शेत म्हणजे गोणपाट, जंगल म्हणजे झिजलेल्या खराट्याच्या काड्या. आणि जिथं कडा असेल, दरी असेल, तिथं अर्धा रुतवलेला चिंचोका. “चिंचोका लागला की थांबायचं,” हा त्याचा एकमेव कायदा.

संजूनं एकदा मोठ्या हौसेनं एका डोंगराला हिरवा ऑइलपेंट फासला. काय देखणा दिसत होता! गौतमनं बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, पण रस्ता काही सापडेना. रंगानं सगळ्या खाचा बुजल्या होत्या, रस्ता अन् शेत एकसारखंच गुळगुळीत. बापूदादा ओरडला नाही. “हे दिसायला केलंय व्हय?” एवढंच म्हणाला आणि दुपारभर चाकूनं रंग खरवडत बसला. शेजारी संजूही बसला, खाली मान घालून.

लाड मात्र त्याच्याकडं नव्हते. एकदा गौतमचा माणूस कड्यावर लटकला होता. फासा पडला एक, पण संजू दडपून पाच म्हणाला. बापूदादानं सरळ सांगितलं, एक पडलाय, माणूस दरीत गेला. मी भांडायला उठले. राहू दे की रे, त्याला काय दिसतंय, असंही बोलून गेले.

“त्याचे डोळे गेलेत,” बापूदादा म्हणाला, “खेळ न्हाई गेला.”

गौतम किती महिन्यांनी हसला त्या दिवशी. म्हणाला, “बराबर हाय. मेलो तर मेलो. नवा माणूस दे.”

मग बापूदादाला पुण्याला नोकरी लागली. पेढे खाताना सगळ्यांच्या मनात एकच: आता गौतमला आणणार कोण? गौतमनं तर सांगूनच टाकलं होतं, पोत्यासारखं दुसऱ्या कुणी उचलून आणावं असं त्याला नको होतं. तो पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडणार, या भीतीनं माझा जीव वरखाली होत होता.

जाण्याआधी बापूदादानं एक लांबलचक फळी आणली. तिच्यावर नेहमीसारखा डोंगर नव्हताच. आम्हाला काही उमगेना. गौतमनं एका टोकावर बोट ठेवलं, पॉलिश पेपरवरून सावकाश नेलं, एका चिंचोक्याशी थांबला. “हे तर आमचं रेल्वे फाटक हाय!” पुढं उघड्या नालीशी चिंचोका, मोंढ्यात हळदीच्या गाड्या उभ्या राहतात तिथं चिंचोका. रस्त्याच्या शेवटाला, आमच्या घराच्या जागी, एक चिमुकला डोंगर.

“आधी बोटानं चाल,” बापूदादा म्हणाला. “मंग पायानं.”

तो गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी संजू गौतमसाठी सायकल काढतच होता, तेवढ्यात कडी वाजली. दारात गौतम, हातात काठी, एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. मला रडूच कोसळलं.

“बापूचा एक चिंचोका चुकला,” तो म्हणाला. “नाली जरा अलीकडं हाय. कळवा त्याला.” मग चाचपत बापूदादाच्या जागेवर जाऊन बसला आणि फाशासाठी हात पुढं केला. “बसा. आज गोष्ट मी सांगनार.”