रिळाचं दुसरं टोक

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. इथले बरेच अनुभव नातीनं मला वाचून दाखवले... उलटे पाय, पांढरी साडी, पिंपळाचा पार. मला हसू आलं. ती चिडली आणि म्हणाली, "मग आजोबा, तुमचा तो डार्करूमचा किस्सा सांगा ना इथे." तेव्हा मात्र हसू गेलं. म्हणून हे लिहितोय. म्हणजे मी बोलतोय आणि ती टाइप करतेय, त्यामुळे चुका सगळ्या तिच्या.

गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची असेल. मी तेवीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात राजारामपुरीत अण्णांच्या फोटो स्टुडिओत कामाला होतो. अण्णा म्हणजे मालक. काचेच्या प्लेटांवर फोटो काढत हयात घालवलेला माणूस. नवीन काही आलं की ते आधी नाक मुरडायचे आणि मग गुपचूप शिकून घ्यायचे.

डार्करूम स्टुडिओच्या मागे होती. सहा बाय आठची खोली, खिडकी विटांनी बुजवलेली, वर पत्रा. दाराला आतून कडी होती, पण लाकूड पावसाळ्यात फुगून फुगून इतकं वाकलं होतं की ती कधी बसायचीच नाही. एकदा लग्नाच्या वऱ्हाडातले एक पाहुणे मोरी शोधत आले, त्यांनी दार ढकललं आणि धुवायला काढलेल्या फिल्मवरचं अख्खं लग्न त्या उजेडात वाहून गेलं. तेव्हापासून अण्णांनी शिरस्ता घातला. मी आत गेलो की बाहेरून कडी लागायची. काम झालं की मी दारावर तीन थापा मारायच्या, मग बाहेर जो असेल त्यानं कडी काढायची.

जुनी फिल्म तांबड्या दिव्यात धुता यायची. चित्र कसं उमटतंय ते डोळ्यांनी बघता यायचं. त्या वर्षी मुंबईहून नवी हाय स्पीड फिल्म आली. तिला उजेड कमी लागायचा, म्हणून संध्याकाळचे, धावपळीचे फोटो तिच्यावर यायचे. पण तिला तांबडा दिवासुद्धा चालायचा नाही. मिट्ट काळोख लागायचा. त्या काळोखात रिळाच्या दोन्ही टोकांना लाकडी चिमटे लावायचे, एकेक टोक एकेका हातात धरायचं आणि डेव्हलपरच्या ट्रेमधून रीळ खालीवर, खालीवर फिरवत राहायचं. एक हात वर गेला की दुसरा खाली. बारा मिनिटं.

काळोखात घड्याळ दिसत नाही. त्यावर अण्णांनी उपाय काढला होता, पाढे म्हणायचे! बेपासून तीसपर्यंतचे पाढे माझ्या चालीनं म्हटले की बरोबर बारा मिनिटं होतात, हे त्यांनी घड्याळ घेऊन बसून तपासलं होतं. शाळेत पाढ्यांसाठी छड्या खाल्ल्या होत्या, त्या अशा कामी आल्या.

तर त्या नव्या फिल्मचं पहिलं रीळ मी खासबागेच्या कुस्त्यांना नेलं. बारा फोटोंचं रीळ. मैदान भरवणाऱ्यांनीच फोटो सांगितले होते. अकरा फोटो चांगल्या उन्हात मिळाले. शेवटची कुस्ती निकाली झाली तोवर दिवस मावळला होता आणि मी सामान आवरत होतो. तेवढ्यात एक पोरगेला पैलवान समोर येऊन उभा राहिला. अंगभर तांबडी माती, लंगोटावर नुसता टॉवेल. दुपारी त्यानं एक कुस्ती मारली होती.

"पावणं, माझा एक काढा की. अव्वाला दावायचाय. तिनं कवा कुस्ती बघितली न्हाई."

"उजेड गेला आता. यायचा न्हाई," मी म्हणालो.

"तुमी काढा तर. यील की."

कागलकडचा होता तो. बसाप्पा नाव. आईला अव्वा म्हणायची त्यांच्यात पद्धत. मला घरी जायची घाई होती, म्हणून मी कॅमेरा उचलला, खटका दाबला आणि "झालं, जा" म्हणालो. आता खरं सांगतो. शटर मी दुपारच्या झटापटीच्या वेगावरच ठेवलं होतं. अशा अंधुक उजेडात शटर सावकाश करायला हवं, लेन्स पूर्ण उघडायला हवी. मी काहीही केलं नाही. फोटो येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. त्याला वाटेला लावायला नुसता दाबला. तो मात्र हात जोडून, हसत गेला.

त्या फिल्मची डेव्हलपरची पावडर मुंबईहून यायची होती. ती यायला दहा दिवस लागले. पावडर आली त्याच दिवशी, भर दुपारी, स्टुडिओत एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, गळ्यात लिंगायतांचं लिंग, पायांवर धूळ. गंगव्वा. बसाप्पाची आई.

"माझ्या ल्येकाचा फोटू हाय म्हनं तुमच्यात," ती अण्णांना म्हणाली. "त्येला पान लागलं. पाच दिस झालं."

पान लागणं म्हणजे साप चावणं. रानात पिकाला पाणी पाजताना चावला आणि त्यातच तो गेला होता. तिच्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता, लहानपणचाही नव्हता. अण्णांनी तिला डार्करूमच्या दाराशी बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मला म्हणाले, "आत्ताच्या आत्ता धू."

फोटो येणार नाही हे तिला सांगायचं धाडस झालं नाही. मी आत गेलो आणि अण्णांनी बाहेरून कडी लावली.

दिवा घालवला. एप्रिलचं ऊन, वर तापलेला पत्रा, आत हायपोचा, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या पाण्याचा, आंबूस वास. रीळ कागदातून सोडवलं, एका टोकाला चिमटा लावला. दुसरा चिमटा नेहमीच्या जागी हाताला लागेना. फिल्म उघडी होती, शोधत बसायला वेळ नव्हता. ते टोक डाव्या हाताच्या बोटांनीच धरलं आणि सुरुवात केली. बे एके बे...

नवाचा पाढा चालू असताना डावं टोक बोटांतून सुटलं. ओलं झालं की फिल्म शेवाळासारखी होते. मी श्वास रोखला... आता ते ट्रेमध्ये पडणार, खालच्या बाजूला घासणार. काहीच आवाज आला नाही. रीळ ताणलेलंच होतं.

मला वाटलं कुठे तरी अडकलं. सवयीनं उजवा हात वर नेला, तर पलीकडचं टोक खाली गेलं. उजवा हात खाली आणला, तर ते वर गेलं. बरोबर माझ्या चालीनं.

माझा पाढा थांबला होता. रीळ थांबलं नव्हतं. मग मीही पाढा पुढे चालू केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. डावा हात फिल्मच्या कडेवरून सावकाश पुढे नेला, टोक शोधत. टोकाला अंगठा होता. माझा नव्हता. जाड, गरम, आणि त्यावर बारीक माती. मी हात असा मागे घेतला, जणू चटका बसला. तेवढ्यात वासही आला, तेल, ताक आणि तालमीतल्या तांबड्या मातीचा. आम्ही त्या खोलीची फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसायचो, धुळीचा कण नको म्हणून. तिथे माती यायची कुठून?

मी दारावर थापा मारल्या. तीन नाही, मोजल्याच नाहीत. "अण्णा! अण्णा, कडी काढा!"

बाहेरून गंगव्वाचा आवाज आला. "मालक भाईर गेल्यात बाबा. च्या सांगाय गेल्यात. मी उघडू काय?"

फक्त एक 'हो' म्हणायचं होतं. ती उठली हे बाकाच्या करकरीवरून कळलं. कडीला तिचा हात लागला, बांगड्या वाजल्या. सगळं अंग ओरडत होतं, उघड म्हण. आणि उजव्या हातात तिचा पोरगा होता. तिनंच कडी काढली असती, तिनंच उजेड आत घेतला असता, आणि तिच्याच हातानं तो कायमचा गेला असता. तिला हे ठाऊक नव्हतं. मला होतं. ती उघडेल म्हणून मी घाबरलो होतो, की उघडणार नाही म्हणून, हे आजही मला सांगता येत नाही.

"नको," मी म्हणालो. "उघडू नका. हात लावू नका कडीला."

"व्हय," ती म्हणाली, आणि पुन्हा बसली.

पाठ दाराला टेकवून, एक हात पुढे करून मी पाढे म्हणत राहिलो. रडत होतो, लाज कसली. तीस दाहे तीनशे झालं. बारा मिनिटं भरली. मी रीळ उचलायला गेलो... ते येईना. पलीकडून हिसका नव्हता, नुसतं धरून ठेवणं होतं. पैलवान समोरच्याचं मनगट धरतो ना, तसं. मी जोर लावला, तर फिल्म फाटेल असं वाटलं. मग मी हात हलवत नसताना रीळ पुन्हा खालीवर व्हायला लागलं. मला काय कळलं कोण जाणे, मी पुन्हा बेपासून सुरुवात केली.

दुसऱ्यांदा तीस दाहे तीनशे म्हटलं आणि पलीकडचं टोक हलकं झालं. 'चुबुक' आवाज करून ट्रेमध्ये पडलं. वास गेला. मी रीळ पाण्यातून काढून हायपोत घातलं, पुरेसा वेळ गेल्यावर दिवा लावला. खोलीत मी एकटा होतो. दुसरा चिमटा भिंतीवरच्या खिळ्याला होता, कोरडा ठणठणीत.

तोवर अण्णा आले होते. मी तीन थापा दिल्या, त्यांनी कडी काढली. रीळ उजेडाला धरलं आणि त्यांचा पारा चढला. दुप्पट वेळ धुतल्यामुळे उन्हातले अकराच्या अकरा निगेटिव्ह काळेकुट्ट झाले होते. एकही छापण्याजोगा नव्हता. "पाढे इसरलास व्हय रं गाढवा? अकरा घालवलेस, अकरा! मैदानवाल्यांना आता काय तोंड दाखवू?"

बारावा मात्र होता. बारा मिनिटांत धुतला असता तर काचेसारखी कोरी फिल्म निघाली असती. दुप्पट वेळानं तो वर आला होता... कपाळावरची माती, तालमीत मोडलेला कान, हसताना दिसणारे दात. अण्णांनी तो बराच वेळ पाहिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ह्यो कसा काय आला?"

नातीनं मला दोन स्पष्टीकरणं दिलीत. एक, उकाड्यात कोंडल्यामुळे मला भास झाला. दोन, रीळ टेबलाच्या कडेला अडकलं. तिला मी एवढंच विचारलं, अडकलेलं रीळ आपल्या चालीनं खालीवर होतं का गं? आणि भासाला दुप्पट वेळ धुवायचं कसं सुचलं? मला तर सुचलं नव्हतं. मला पळून जायचं होतं.

संध्याकाळी प्रिंट वाळली तेव्हा गंगव्वाच्या हातात दिली. तिला आत काय झालं ते मी सांगितलं नव्हतं. तिनं फोटो धरला, पदरानं डोळे पुसले, फोटोवर मात्र थेंब पडू दिला नाही. मग म्हणाली, "मैदानातनं आला तवाच म्हनला हुता मला. अव्वा, फोटू काढलाय. फोटूवाला म्हनतोय यायचा न्हाई. पर तू काळजी करू नगंस, मी सोता हुबा ऱ्हाऊन करून घेतो."

मी तिच्या पाया पडलो. का ते तिला कळलं नाही, आणि मला सांगता आलं नाही.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही आणि आता होईल असं वाटत नाही. पण नातीला एक टाइप करायला सांगतो. त्यानंतर चाळीस वर्षं मी हा धंदा केला. उजेड गेल्यावर कुणी "एक काढा की" म्हणालं, तर मी एकदाही नुसता खटका दाबला नाही.