रंभाबाईने निरोप घेतला नाही

रंभाबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे बोईसरजवळच्या त्या गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. माहेर शिरगावचं, आवाज लाटांच्या वर चढणारा. नवरा गेल्यापासून ती ग्रामपंचायतीची झाडूवाली आणि मच्छीबाजार तिच्या ताब्यात. कुणा कोळणीने माशांची घाण रस्त्यात ओतली तर त्या बाईची खैर नसे.

यंदा ग्रामपंचायत बरखास्त होऊन नगरपरिषद झाली. जुने कामगार आता परिषदेचे, असं वरून ठरलं होतं. माजी झालेल्या सरपंच शैलेशच्या पोटात दुखलं ते इथेच. सफाई-पाण्याचा ठेका त्याच्या मेहुण्याला हवा होता. जुनी माणसं जागेवर राहिली तर मेहुण्याने आपली माणसं भरायची कुठे? मग या महाशयांना कामगारांचा एकदम कळवळा आला आणि त्यांनी निरोप समारंभ ठेवला. शाल-श्रीफळ घेऊन हसत फोटो काढला की माणूस राजीखुशीने घरी बसला, असं परिषदेच्या प्रशासकांना दाखवता येणार होतं.

समारंभाला प्रशासक स्वतः आले. नळ सोडणाऱ्या पंढरीने मान खाली घालून शाल-श्रीफळ घेतलं. मग रंभाबाईचं नाव पुकारलं. ती खुर्चीवरून हललीच नाही.

शैलेश तयारीत होता. त्याने तिच्या सुनेला, वर्षाराणीला, पुढे बोलावलं आणि माइकवर जाहीर केलं की काकींच्या जागी नवा ठेकेदार त्यांच्याच सुनेला घेणार आहे, म्हणजे घरचं काम घरातच राहिलं. शालही सुनेच्याच हातात दिली. ती शाल उलगडत सासूपाशी आली, पण नजर वर उचलेना. हिला सगळं आधीच माहीत होतं, हे रंभाबाईला तेव्हा कळलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आई, घ्या ना. लोक बघतात,” वर्षाराणी पुटपुटली.

रंभाबाईने शाल हिसकावली, तडक स्टेजवर चढली आणि ती शैलेशच्याच खांद्यावर टाकली.

“पंचायत गेली, तुजी खुर्ची गेली. निरोप तू घे. बाजार हाय तितंच हाय, उद्या झाडायला मीच येनार. मला कुनी काडलं नाय, आन मी काम सोडलं नाय.”

प्रशासकांनी शैलेशकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ज्यांनी काम सोडलेलं नाही, ते कामावरच आहेत. पंढरी मांडीवरच्या नारळाकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई बाजारात हजर झाली, कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही. दुपारी शैलेशच्या ठेकेदार मेहुण्याने वर्षाराणीला निरोप धाडला की आता जागा नाही, येऊ नको. संध्याकाळी तिने आपली चूल वेगळी मांडली. रंभाबाईचा मुलगा बायकोच्या बाजूला जाऊन बसला. रंभाबाईने एकटीपुरता भात टाकला.