गराजमधला बकासूर

कुठलीही वस्तू हातात आली की भाऊजी आधी तिचा वास घ्यायचे. दुधाची बाटली, नवा टॉवेल, इंजिन ऑइल, मी नेऊन दिलेली अळूवडी, सगळ्यांना एकच न्याय. नाकाजवळ न्यायचे, डोळे मिटायचे आणि मग म्हणायचे, "हं. आता बोला."

अळूवडीच्या वेळी मला राग यायचा. "अहो, शिळी आणलीय का मी?"

"तसं नाही वहिनी. पण माणसं खोटं बोलतात, नाक नाही बोलत."

अशा माणसावर रागावून तरी किती वेळ बसणार, सांगा.

भाऊजी माझे नात्यातले कोणी नव्हेत. इथे परदेशात, हॉर्नबी उपनगरात, आमच्या कुंपणापलीकडचं घर त्यांचं. पुण्याहून इंजिनीअर म्हणून आले, इथल्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. इथल्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी हिवाळ्यात आमच्याकडे पोटरीभर बर्फ पडला, तेव्हा त्यांनी बागेतल्या फावड्याने अख्खा ड्राइव्ह-वे उपसला आणि मग आठवडाभर पाठ धरून जमिनीवर पडून राहिले. पडल्या पडल्या माणूस विचार करतो ना, तिथे घोटाळा झाला. पाठ बरी होताच डोंगराकडच्या एका शेतकऱ्याकडून ते जुना स्नोब्लोअर घेऊन आले.

तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. पेट्रोलवर चालणारं धूड. पुढे जबडा, जबड्यात फिरणारे लोखंडी दात. समोरचा बर्फ खायचा आणि वरच्या धुराड्यासारख्या नळीतून लांब फेकायचा. शैलाताई, म्हणजे त्यांची बायको, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बकासूर आणलात."

नाव पडलं ते पडलंच.

पण बकासूर राहिला उपाशी. त्यानंतर हॉर्नबीत बर्फ आलाच तर बशीत मावेल एवढा. भाऊजी गमबूट चढवून बाहेर येईपर्यंत तो वितळलेला असायचा. आमचे हे कुंपणावरून विचारायचे, "काय हो, जेवला का तुमचा?" भाऊजी म्हणायचे, "भूक राखून ठेवलीय त्याने."

त्याची बडदास्त मात्र जावयासारखी. हिवाळा संपला की टाकीतलं पेट्रोल काढून घ्यायचं, उरलंसुरलं जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत अंगणात चालवायचं, दात पुसून तेलाचा हात फिरवायचा, वर जुनी चादर. गराजमध्ये इंजिन कधी सुरू करायचं नाही, धूर कोंडतो म्हणून. थंड इंजिनाला चोक लावायचा, पण सुरू झालं की लगेच काढायचा, नाहीतर आवाज घुसमटतो. हे सगळं ते मला अशा गांभीर्याने सांगायचे, जसं काही उद्या माझ्याही गराजमध्ये एक येणार आहे.

शैलाताईंचं दुःख वेगळं. त्यांच्या चकलीच्या भाजणीला मागणी वाढली होती. त्यांना गराजमध्ये घरघंटी ठेवायची होती आणि नेमक्या त्या कोपऱ्यात बकासूर बसलेला. शेवटी एका हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी आमच्या दोघांच्या साक्षीने जाहीर केलं, "या हिवाळ्यात याने एकदा तरी काम करून दाखवावं. नाहीतर विकून टाकायचा. कबूल?"

भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. पाच वर्षं चेष्टा सोसली होती त्यांनी, पण विकायचा म्हणजे ती चेष्टा खरी होती असं मान्य करायचं. "कबूल," म्हणाले.

आमच्याकडे हिवाळा जून ते ऑगस्ट. जून कोरडा गेला. जुलै कोरडा. ऑगस्टमध्ये एका सकाळी कुंपणावरून हाक आली, "वहिनी, वर डोंगरात टेकापोला जोरदार बर्फ सांगितलाय. आपल्याकडे येत नाही ना? मग आपण जाऊ."

"आणि हा?"

"हाही येणार. त्याच्याचसाठी तर जायचं."

झालं! दोन रात्रींसाठी घर भाड्याने घेतलं आणि निघालो चौघं, मागे ट्रेलरवर बकासूर. त्याला उभाच बांधायचा, आडवा केला तर ऑइल नको तिथे शिरतं. पेट्रोलचा नळ बंद. ताज्या पेट्रोलचा कॅन वेगळा बांधलेला. वाटेत चहाला थांबलो की आम्ही आधी टॉयलेटकडे आणि भाऊजी पट्टे ओढून बघायला. शैलाताई म्हणाल्या, "आमच्या हनिमूनला माझी बॅग स्टँडवर विसरले होते हो हे."

सकाळी उठतो तर पांढरंशुभ्र. भाऊजी लहान पोरासारखे धावले. आम्ही तिघं पायरीवर शाली गुंडाळून, हातात चहा. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, क्षणभर थबकले, झाकण लावलं आणि दोरी ओढली. खक्. पुन्हा ओढली. खक् खक्. इंजिन शिंकल्यासारखं करायचं आणि बसायचं. चोक पाहिला, नळ पाहिला, प्लग काढून पुसला. शेजारच्या मार्गरेटबाई, ऐंशीच्या पुढच्या, स्वतःच्या दारातला बर्फ फावड्याने काढता काढता थांबून बघू लागल्या. भाऊजींचे कान लाल.

"ग्राहक बघून ठेवू का?" आमचे हे म्हणाले. मी त्यांना कोपर मारलं.

आणि मग भाऊजींनी जे आधी करायला हवं होतं ते केलं. झाकण उघडून नाक खाली नेलं. सावकाश सरळ झाले.

"हे शिळं पेट्रोल आहे. आणि मी टाकी रिकामी केली होती. मघाशी भरलेली दिसली तर वाटलं, आपणच विसरलो असू. वय झालं."

शैलाताई एकदम डोंगराकडे बघायला लागल्या.

"शैला?"

"काय शैला? दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा करते मी. मिक्सर, शिवणयंत्र, लॉनमोअर. या मेल्याचीही करते. आता सणाच्या दिवशी त्याला रिकाम्या पोटी हळदकुंकू लावू? लॉनमोअरच्या कॅनमधलं घालते दर वर्षी."

"दर वर्षी?"

"मग! आणि तुम्ही दर वर्षी काढता, ते मला काय माहीत? मला वाटायचं, पितो तो."

भाऊजींनी हातातलं झाकण खाली ठेवलं. मग बर्फात बसकण मारून असे हसले की मार्गरेटबाई लगबगीने विचारायला आल्या, "यू ऑलराइट, लव्ह?"

मग शिळं पेट्रोल काढलं. कार्बोरेटरच्या खालची वाटी सोडवून पुसली, ती धरायला शैलाताईच उकिडव्या बसल्या. ताजं पेट्रोल घातलं. दुसऱ्या ओढीला बकासूर असा गरजला की माझा चहा सांडला. नळीचं तोंड कुठे आहे ते कोणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे पहिला घास थेट आमच्या ह्यांच्या अंगावर. नखशिखांत पांढरे! "जेवला हो," भाऊजी ओरडले.

आमचा ड्राइव्ह-वे झाला, मार्गरेटबाईंचा झाला, मग गल्लीतले आणखी दोन. पैज जिंकली. निघायच्या दिवशी आम्ही ट्रेलर सरळ करतोय, तर भाऊजी म्हणाले, "राहू दे. तो इथेच राहणार. बर्फ इथे पडतो, मार्गरेटबाईंना फावडं झेपत नाही, आणि मी त्याला हॉर्नबीत चादर पांघरवून बसवलंय."

यावर रडलं कोण माहीत आहे? शैलाताई! "जिंकलात ना? मग द्यायचा कशाला? मला एका शब्दाने विचारायचं तरी!" नाक पुसत त्यांनी मार्गरेटबाईंच्या शेडमध्ये जाऊन त्याला कुंकू लावलं. मार्गरेटबाईंनी मोठ्या आदराने आपलंही कपाळ पुढे केलं.

घरघंटी आली. हिवाळ्यात टेकापोहून फोन यायचे आणि भाऊजी तासभर इंजिनाची विचारपूस करायचे.

दोन वर्षांनी भाऊजी गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी शैलाताईंकडे भाजणी चाळायला बसले होते, तेव्हा फोन वाजला. मार्गरेटबाई. फार संकोचून म्हणाल्या, मशीन सुरू होत नाहीये, आता विचारावं कोणाला कळेना. शैलाताईंनी पिठाच्या हातानेच फोन स्पीकरवर टाकला. त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्लग काढायला लावला, पुसायला लावला, नळ उघडा आहे ना ते विचारलं. मी चाळणी धरून नुसती बघतेय. एवढं सगळं यांनी कधी ऐकून ठेवलं?

पलीकडे दोरी ओढल्याचा आवाज. पुन्हा एकदा. आणि मग तो गरजला. मार्गरेटबाई आनंदाने किंचाळल्या आणि फोन बंद करायचं विसरून तशाच कामाला लागल्या.

आम्ही दोघी ऐकत बसलो. घरघंटी शैलाताईंनी केव्हाच बंद केली होती. आवाज लांब जायचा, वळायचा, परत जवळ यायचा. त्या मान एका बाजूला करून ऐकत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"श्श," त्या म्हणाल्या. "आवाज ऐका. चोक काढायला विसरलीय ती."