आईने दुष्ट राजाला हरवलं

मंडळी, कॅम्प दोनच्या सायबर कॅफेतून घाईत लिहितोय, उद्यापर्यंत दम निघणार नाही. फासे टाकून गोष्ट पुढे नेायच्या आपल्या खेळात कुणाला दुष्ट पात्र घेऊ द्यावं का, हा वाद आपल्या ईमेल ग्रुपवर किती दिवस चाललाय! आज निकाल लागला, आमच्या विठ्ठलवाडीच्या घरात.

दुपारी आम्ही मित्र खेळायला बसलो आणि आमच्यातला हरेश म्हणाला, "आज मी दुष्ट राजा होणार."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "असले धंदे माझ्या घरात नकोत! वाईट वागायला शिकताय का?"

"आंटी, खेळ आहे फक्त," म्हणत हरेशने पहिल्याच डावात गावच्या तळ्यावर पहारा बसवला. राजाला विचारल्याशिवाय कुणी पाण्याला हात लावायचा नाही!

आम्ही बाकीचे शूर वीर. राजाकडे अर्ज करावा की कर भरावा, यावर आमची चर्चा सुरू.

भज्यांची ताटली घेऊन आलेली आई दारातच थांबली आणि मला म्हणाली, "तुझ्या आजोबांना तळ्याचं पाणी अर्ज करून मिळालं होतं काय रे? सत्याग्रहात सगळ्यांबरोबर चालत गेले होते ते! अख्खं गाव घेऊन चला!" तिने माझ्या हातातले फासे घेतले, मांडी घालून बसली आणि टाकले. दोन्ही सहा!

पहारेकरी पळाले. हरेश उठून म्हणाला, "मान गए, आंटी!" आमचा आरडाओरडा खालच्या मजल्यापर्यंत गेला.

आता बोला, सगळेच सज्जन असते तर आई खेळात उतरली असती का?

निघताना हरेशने विचारलं, "आंटी, पुढच्या रविवारी साधू होऊ?"

"अजिबात नाही. राजाच हो. तळं घेतलं, वाडा राहिलाय."