ताईनं माझ्यासाठी सोडलेली जागा

किस्से साठत कसे जातात ते कळत नाही. माणूस रोज कामावरून घरी येतो, दारात बूट काढता काढता एक सांगतो, आपण हसतो, भात वाढून घेतो आणि विसरतो. मग सांगणारं माणूसच जातं, आणि ते सगळे एकदम वर येतात. माझ्या ताईच्या क्लासचे तसे आलेत. मला ते गोड करून सांगता येणार नाहीत. सांगताना राग येतो. येऊ दे.

ताई जपानात, योकोहामाला एका खाजगी क्लासमध्ये चिनी मुलांना इंग्रजी शिकवायची. आईबापांबरोबर चीनहून आलेली, इथल्या हायस्कूलमध्ये जाणारी मुलं. यांना कॉलेजच्या प्रवेशासाठी इंग्रजीचा पेपर द्यावा लागतो. थोडा ऐकून, थोडा वाचून. ऐकायच्या भागासाठी संभाषणं लागतात, एक बाई आणि एक पुरुष. बाई म्हणजे ताई. पुरुष म्हणजे मी, दहावीला दोनदा बसून दोनदा आपटलेला.

ती गेली तेव्हा एक फाइल अर्धी राहिली होती. तिचं बोलून झालं होतं, माझं व्हायचं होतं. त्या फाइलमध्ये दुसऱ्या कुणाचा आवाज जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. तेवढ्यासाठीही भांडावं लागलं.

*

आधी पुरुषाचा आवाज दाजींचा घेऊन बघितला होता. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, आयटीत. त्यांनी "तुमची पुस्तकं उद्या परत करा" हे वाक्य असं वाचलं की जणू प्रोजेक्ट बुडालाय आणि क्लायंट लाइनवर आहे.

ताई म्हणाली, "अहो, लायब्ररीत आहात तुम्ही."

दाजी म्हणाले, "मग लायब्ररीची डेडलाइन नसते का?"

मी तेव्हा नुकताच इथे आलो होतो, जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात. ताईनं मला धरलं. वाक्यं देवनागरीत लिहून द्यायची. "आय ॲम अफ्रेड द लायब्ररी इज क्लोज्ड." मी विचारलं, "यात घाबरायचं काय आहे? बंद असेल तर घरी जावं." ती इतकी हसली की ते रेकॉर्डिंग परत करावं लागलं. पण मुलांना माझा आवाज आवडला. म्हणे हा माणूस सावकाश बोलतो, विचार करून बोलतो. विचार कसला करतोय, पुढची ओळ शोधत होतो.

*

रेकॉर्डिंग व्हायचं गाद्या ठेवायच्या कपाटात. जपानी घरात भिंतीतच ते मोठं कपाट असतं. त्यात गाद्यांच्या मध्ये मांडी घालून बसलं की आवाज घुमत नाही, हा ताईचा शोध. माझी शिफ्ट रोज बदलायची, म्हणून ती आपली वाक्यं आधी बोलून ठेवायची, मध्ये माझ्यापुरती जागा सोडून. सुट्टीला मी गेलो की कपाटात शिरायचं, कानात तिचा आवाज लावायचा आणि जागा भरायच्या. मी अडखळायचो हे तिला माहीत, म्हणून माझ्या जागा ती जरा मोठ्या सोडायची.

एकदा दाजींनी वरणाचा कुकर लावला आणि विसरले. संभाषण दवाखान्यातलं होतं. प्रश्न होता, ही दोघं कुठे बोलतायत? झाडून सगळ्या मुलांनी लिहिलं, रेल्वे स्टेशनवर. म्हणे मागे गाडीची शिट्टी स्पष्ट ऐकू येतेय.

यावर आपण हसून सोडून दिलं असतं. क्लासचे मालक कुरोदा-सान, म्हणजे आपल्याकडचे कुरोदासाहेब, यांनी नाही सोडलं. पालकांना बोलावलं आणि ताईला त्यांच्यासमोर कमरेत वाकून माफी मागायला लावली. ताई घरी आली, कुकरकडे बघितलं आणि दाजींना म्हणाली, "आता तुम्ही वाका."

*

पुढे एका मुलाच्या आईनं तक्रार केली. इंग्रजी शिकवायला इंडियाची बाई का? कुरोदा-सान समजूतदार माणूस. त्यांनी ताईला काढलं नाही. क्लासचं नवीन पत्रक छापलं, त्यावर सोनेरी केसांची, हेडफोन लावलेली एक बाई, आणि खाली लिहिलं, ऐकण्याचा सराव यांच्या आवाजात.

आवाज ताईचा.

तिनं ते पत्रक फ्रिजवर लावलं. म्हणाली, "पक्या, आईला फोटो पाठव. सांग, जपानचं पाणी मानवलं."

मी म्हणालो, "मी क्लासला येतो आणि त्या मालकाचं डोकं फोडतो."

"तू आधी तुझी ओळ पाठ कर," ती म्हणाली. "परवा 'गुड आफ्टरनून' म्हणताना जांभई दिलीस. पोरांनी त्याच्यावरसुद्धा प्रश्न विचारला."

*

वाचनाचा तास कुरोदा-सान स्वतः ठरवायचे. त्यांची पद्धत अशी की उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न बघायचा, मग चार पर्याय, मग उताऱ्यात तेवढाच शब्द शोधायचा आणि टिक करायची. वेळ वाचतो. ताई मात्र मुलांना उतारा अख्खा वाचायला लावायची.

एकदा उतारा होता एका म्हाताऱ्याचा, त्याचा कुत्रा मेलेला असतो. हाओ नावाचा मुलगा होता, वर्गातला सगळ्यात हुशार. त्यानं सगळी उत्तरं चुकवली. ताईनं विचारलं, "काय रे, झालं काय?"

तो म्हणाला, "सेन्सेइ, न वाचता सगळी बरोबर येतात. आज वाचलं, तर कुत्र्याचं वाईट वाटलं."

कुरोदा-सान दारात उभे होते. ते ताईला म्हणाले, "तुम्हाला वाचायला शिकवण्यासाठी ठेवलेलं नाही. उत्तर द्यायला शिकवण्यासाठी ठेवलंय."

माझं काही शिक्षण नाही, पण एवढं मलाही कळतं की या वाक्यानंतर त्या माणसानं क्लास बंद करून मासे विकायला हवे होते.

*

ताई क्लासला जाताना स्टेशनच्या जिन्यात पडली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. दवाखान्यात नेलं, पण ती शुद्धीवर आलीच नाही. तीन वाक्यांत संपतं हे. मी खूप प्रयत्न केला, चौथं वाक्य सापडत नाही.

इथे दहनाच्या वेळी आपल्याला बाहेर एका खोलीत बसवतात. चहा देतात. मी आणि दाजी बसलो होतो, समोर चहा. कुरोदा-सान आले, काळा टाय, वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले. मला वाटलं, चला, माणूस आहे. मग सरळ झाले आणि दाजींना विचारलं, सराव परीक्षेची फाइल लॅपटॉपवर पूर्ण झाली होती का?

तिकडे आत माझी बहीण जळत होती.

आणि दाजी उभे राहिले, वाकले आणि म्हणाले, "काकुनिन शिमासु." म्हणजे तपासून कळवतो. ऑफिसात दिवसभर हेच म्हणतात ते. तोंडातून तेच निघालं. म्हणाले, खाली बसले आणि मग जे रडले, ते थांबेनात. कुरोदा-सानांनी तपासून कळवण्याबद्दल आभार मानले.

*

आपली माणसं काही कमी नाहीत. इथल्या मराठी लोकांनी एका घरी शोकसभा ठेवली. ताईचा फोटो, समई, हार. एक काका उठले आणि म्हणाले की त्या गृहिणी असूनही वेळ छान घालवायच्या. वेळ घालवायच्या! मी उठणार होतो, दाजींनी माझा शर्ट धरला.

सभा संपल्यावर एक वहिनी माझ्याकडे आल्या. डोळे ओले. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. काही लागलं तर सांगा." मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "त्यांच्या जागेवर अजून कुणाला घेतलं नसेल ना? माझं इंग्लिश मीडियम आहे."

मी म्हणालो, "वहिनी, कपाटात बसायची तयारी आहे का?"

त्यांना काही कळलं नाही. दाजींनी पुन्हा माझा शर्ट धरला.

*

मग फाइलचं निघालं. दाजींनी ती अर्धी फाइल कुरोदा-सानांना दिली, कारण दाजी नाही म्हणू शकत नाहीत. कुरोदा-सानांनी आम्हाला क्लासमध्ये बोलावलं आणि मोठ्या कौतुकानं ऐकवलं. ताईच्या मधल्या जागांत त्यांनी कॉम्प्युटरचा माणूस घातला होता.

ताई विचारायची, "कसा आहेस? खूप दिवसांनी भेटलास." तिचा तो गाद्यांमधला मऊ आवाज. आणि तो मशीनचा गडी तिचं वाक्य संपताक्षणी सांगायचा, मी उत्तम आहे, धन्यवाद. एवढ्यावर त्याचं संपायचं. पुढे नुसती शांतता, कारण जागा माझ्या मापाची होती.

मी टेबलावर हात आपटला. मला येतं तेवढं सगळं जपानी बाहेर आलं, आणि ते कारखान्यात शिकलेलं जपानी आहे. दाजी म्हणाले, "प्रकाश, जाऊ दे."

"तुम्ही जाऊ द्या, दाजी. मी नाही देणार. यात मी बोलणार."

कुरोदा-सानांनी घड्याळ बघितलं. परीक्षा जवळ आली होती, आणि मी फुकटात बोलणार होतो. म्हणाले, ठीक आहे.

सुट्टीच्या दिवशी मी दाजींकडे गेलो, गाद्या सरकवल्या आणि कपाटात बसलो. दाजी बाहेर बसून राहिले. टीव्ही नाही, कुकर नाही. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "झालं नीट?" मी म्हणालो, "झालं."

*

फाइल मी कुरोदा-सानांना दिली. त्यांनी ऐकली नाही. आयुष्यभर पोरांना ऐकायला शिकवणारा माणूस, पण त्याला वेळ नव्हता. मी एकच अट घातली होती, परीक्षेत फाइल मी स्वतः लावणार. तीही त्यांनी मान्य केली, एक माणूस वाचला म्हणून.

परीक्षेच्या दिवशी वर्ग भरलेला. ऐकण्याचा पेपर असला की एसीसुद्धा बंद करतात, कागद वाजवायचा नाही. मी मागे लॅपटॉप घेऊन बसलो होतो. कुरोदा-सान पुढे. पहिली संभाषणं ठीक गेली. दुकान, हवामान, हरवलेली छत्री. मुलं खाली मान घालून टिक करत होती.

शेवटचं लागलं.

ताई इंग्रजीत म्हणाली, "मी उद्या सकाळी निघतेय. तू स्टेशनवर येशील का?"

माझी ओळ तिनं लिहून ठेवलेली होती: सॉरी, मला जमणार नाही, माझी मीटिंग आहे.

वर्गात माझा आवाज आला, इंग्रजीतच. "हो. मी येतोय. थांब. मी येईपर्यंत थांब."

मग थोडी शांतता. मग ताई, तशीच हसत, "बरं, असू दे. काळजी घे स्वतःची."

नियमाप्रमाणे प्रत्येक संभाषण दोनदा लावतात. मी दोनदा लावलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

प्रश्न छापलेला होता: पुरुष स्टेशनवर का येऊ शकत नाही? खाली चार पर्याय. एकाही मुलाची पेन्सिल हलेना. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कुरोदा-सान उत्तरांचा कागद उलटसुलट करून बघत होते.

मग हाओनं हात वर केला. उभा राहिला. कुरोदा-सानांकडे त्यानं बघितलंच नाही, मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"यात उत्तर नाहीये," तो म्हणाला. "तो तर येतोच म्हणतोय. ती बाईच ऐकत नाहीये."