आमच्या ऑफिसातली टॉकीज

किस्से कोणी गोळा करायला जात नाही. चार माणसं एका खोलीत रोज बसली की ते आपोआप साचतात, पंख्यावर धूळ साचावी तसे. वाशीमच्या कोर्टाच्या ज्या कचेरीत मी भाषांतरकार म्हणून लागले, तिथे तर आम्ही तिघंच होतो. तरी इतके साचले की आता कोणी चहाला बसवलं, की मला थांबवावं लागतं!

मी दिल्लीहून शिकून आले होते. गाव मेडशी. आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून पुस्तकाला देव्हाऱ्याची जागा. परतीच्या प्रवासात मी ठरवून टाकलं होतं: जगातलं सगळं ज्ञान वऱ्हाडातल्या माणसाच्या भाषेत आणायचं. भाषांतर म्हणजे क्रांती!

पहिल्या दिवशी माझ्या पुढ्यात जो कागद आला, त्यात दोन भावांचं एका लिंबाच्या झाडावरून भांडण होतं. झाड एकाच्या शेतात, सावली दुसऱ्याच्या. सावली कोणाची?

क्रांती जरा लांबली.

*

आमच्याकडे जुनी खरेदीखतं यायची. काही मोडीत, काही उर्दूत. शाई इतकी उडालेली की कागद नुसता पिवळा दिसे. त्यासाठी कोणीतरी फार पूर्वी एक पेटी करून घेतली होती. लाकडी खोका, आत मोठा बल्ब, वर दुधी काच. काचेवर कागद ठेवायचा, बल्ब लावायचा, की उडालेली अक्षरं खालच्या उजेडात वर येत. मग त्या लख्ख काचेत डोळे घालून दिवसभर बसायचं.

तिचं नाव टॉकीज!

मोडीचे वानखडे काका आणि उर्दूचे काझीचाचा आळीपाळीने तिच्यापुढे बसत. मी इंग्रजीची, मला मोडीचा गंध नव्हता. काका सकाळी आले की म्हणत, "चला, पह्यला शो माहा." लाइट गेली की चाचा ओरडत, "इंटरवल!" आणि सगळे चहाला.

दोघांचेही डोळे टोमॅटोसारखे लाल. मी विचारलं, "काका, डोळे दुखत नाहीत?"

"दुखतात ना," काका म्हणाले. "पन पिक्चर चांगला असला का मानूस ऊठते काय?"

*

टॉकीजमधून उठलं की बराच वेळ डोळ्यांपुढे एक पांढरा चौकोन तरंगत राही. समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी चौकोन. म्हणून दोघांचा नियम होता: चौकोन उतरेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही.

एकदा काकांनी नियम मोडला. दुपारी बाहेर आले, तर पायरीवर कोणीतरी वाकून बसलेलं.

"ओ भाऊ, उठा. पायरीवर नाई बसाव. पक्षकाराले तिकडं बाकडं हाये."

"मी बुटाची नाडी बांधतोय."

"नाडी घरून बांधून याव! कोन गावचे तुमी?"

"मी इथला नवा साहेब."

काकांच्या डोळ्यांपुढचा चौकोन हळूहळू उतरला. आत खरोखरच साहेब होते.

"मंग बसा," काका म्हणाले.

*

चष्मा लावायला काका तयार नव्हते. "चष्मा लागला म्हंजे मानूस म्हतारा झाला. अन मले रिटायर व्हाले अजून टाइम हाये." चाचांनी मात्र रिसोडच्या बाजारातून एक चष्मा घेतला. टोपलीतले एकेक घालून बघितले आणि ज्यातून विकणारा सगळ्यात देखणा दिसला, तो घेतला.

मग काका रोज म्हणू लागले, "आना, काच पुसून देतो." पुसायला घेतलेला चष्मा त्यांच्या नाकावरून दोन-दोन तास उतरत नसे. चाचा समजून होते. ते म्हणत, "पुसो, पुसो. भोत धूल है आज."

अशा पुसापुशीत एक दिवस चष्मा कागदांत गेला. आमच्याकडे पद्धत अशी, की भाषांतर झालं की मूळ कागद आणि भाषांतर फडक्यात बांधायचं, गाठीवर लाख लावायची आणि साहेबांकडे पाठवायचं. साहेबांसमोर गाठोडं सुटलं. आत खरेदीखत, भाषांतर आणि चष्मा. तिथल्या कारकुनाने, काही राहून जायला नको म्हणून, तिन्हींवर पुराव्याची निशाणी टाकली!

झालं. निशाणी पडलेली वस्तू दाव्याचा निकाल लागेपर्यंत बाहेर काढता येत नाही.

दावा लिंबाच्या सावलीचाच होता. चाचा दर तारखेला दोघा भावांना दारातच गाठू लागले. "अरे, भाई-भाई हो तुम! एका सावलीपायी काहून भांडता? सावली तं दुपारनंतर सरकतेच!"

दोघे भाऊ गहिवरले. सरकारी कचेरीत आपल्यासाठी इतकं कळवळणारं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तडजोड झाली. सकाळची सावली थोरल्याला, दुपारची धाकट्याला.

चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आधी दोघा भावांकडे नीट पाहून घेतलं. "अच्छा," म्हणाले, "तो ये थे!"

*

एवढं सगळं बघून मी गप्प बसणार? मी मोहीम काढली. भिंतीवर कागद चिकटवला: दर तासाला टॉकीज बंद करून पाच मिनिटं दूरवर पाहावे. शिवाय गाजरं. गावाबाहेरच्या मळ्यातून येणाऱ्या भाजीवालीला सांगून मी रोज गाजरं आणवली.

गाजरं दोघांनी आनंदाने घरी नेली. काकूंनी हलवा करून पाठवला. तो मीच खाल्ला.

दूर पाहण्याचा नियम मात्र दोघांनी इमानाने पाळला. अडचण एवढीच, की आमच्या खिडकीतून दूरवर म्हणजे नेमकी चहाची टपरी दिसे. हे दोघे दर तासाला उभे राहून टक लावून पाहत. टपरीवाल्याला वाटे, बोलावून राह्यले. तो चहा घेऊन येई.

महिन्याभराने मी विचारलं, "काका, काही फरक?"

"हाव ना पोरी! आता झोप नाई येत."

*

भाषांतरात एक सोय असते. मूळ कागदावरची अक्षरं लागेनात, तर अंदाजाने लिहायचं नाही. तिथे कंसात 'मूळ प्रत अवाच्य' लिहायचं आणि पुढे जायचं. काकांचा हा नियम फार कडक. "एक अक्षर चुकलं का एखांद्याचं वावर जाते," ते म्हणत. त्यांनी मनाने एक शब्द कधी घातला नाही.

पण त्या वर्षी काकांच्या भाषांतरात 'अवाच्य' वाढू लागलं. आधी पानात एखादं. मग ओळीओळीला. मी मनाशी म्हणत होते, यंदा कागदच खराब येतायत.

मग एक दिवस साहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. त्यांच्या हातात एक कागद होता. त्यांनी स्वतः आदल्याच दिवशी मराठीत लिहिलेला हुकूम, ठळक निळ्या शाईत. चुकून आमच्या गठ्ठ्यात आला होता. काकांनी तोही टॉकीजवर ठेवला होता आणि खाली इमानाने शेरा मारला होता: 'मूळ प्रत अवाच्य'.

"वानखडे, माझं अक्षर इतकं वाईट आहे?"

चाचा पटकन म्हणाले, "थोडा है, साब."

साहेब हसले, पण हुकूम निघालाच. रिसोडला डोळ्यांचं शिबिर आहे, तिघांनी तपासून यावं. मला आनंद झाला. मग मी शेवटची ओळ वाचली. जो नापास होईल त्याने टॉकीजचं काम सोडून आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारायला बसावं.

मी ती ओळ मोठ्याने वाचली नाही. तरी काकांनी विचारलं, "शेवटी काय लिवलं हाये?"

सांगावं लागलं.

"आयुष्यभर मोडी वाचली," काका म्हणाले. "आता टपाटपा शिक्के मारू काय?"

*

रिसोडच्या एसटीत काका खिडकीशी बसले होते. गाणी म्हणत, विनोद करत. चाचा त्यांना हळूच सांगत होते, "वरची ओळ पाठच करून घे. आगेवाले से पूछ लेंगे." काका म्हणाले, "नाई. न पाह्यता वाचाचं नाई."

शिबिर शाळेत होतं. मी पास, चाचा काठावर पास. काका खुर्चीवर बसले. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. डॉक्टरांनी छडी ठेवली.

"वाचा, बाबा."

"क."

"छान. खालची ओळ?"

काका पुढे झुकले. मागे झुकले. एक डोळा मिटला. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याचा मागचा-पुढचा मजकूर कुठी हाये?"

"मजकूर नाही. नुसती अक्षरं आहेत."

"असं कोन लिवते? खरेदी हाये, का गहाण हाये, कायीच समजून नाई राह्यलं!"

रांगेतली माणसं हसली. डॉक्टरही हसले. "अंदाजाने सांगा."

काका ताठ बसले. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पोरी, लिवून घे. वरती 'क'. त्याखालती, मूळ प्रत अवाच्य."

डॉक्टरांनी लिहून दिलं: उजेडाच्या काचेपुढे बसणं आजपासून बंद. येताना एसटीत गाणी नव्हती.

रात्रभर मी कूस बदलत होते. सकाळी ठरवलं. सगळ्यांच्या आधी कचेरीत गेले. चाचा माझ्याही आधी आलेले! आम्ही दोघांनी आवक-जावकचं टेबल, शिक्क्यांसकट, ओढत आणलं आणि टॉकीजला लावून ठेवलं. काकांची खुर्ची टॉकीजकडे पाठ करून. समोर शिक्का. हुकमाचा शब्दन् शब्द पाळलेला!

काका आले. हाताने चाचपत टेबल ओळखलं. बसले.

मी त्यांच्या पाठीमागे टॉकीजपुढे बसले, बल्ब लावला, काचेवर मोडीचा कागद ठेवला.

"काय लिवलं हाये?" काकांनी विचारलं.

काचेवर नुसत्या मुंग्या चालल्या होत्या.

"काका, मूळ प्रत अवाच्य!"

"प्रत चांगली हाये," काकांनी शाईच्या गादीवर शिक्का टेकवला. "डोये नवे हायेत. पह्यल्या अक्षराले शेपूट कोन्या बाजूनं हाये, ते सांग."