पाचव्या रकान्याआधी

मावशी बाटली उचलायच्या तेव्हा तिच्यावरची नावाची चिठ्ठी तळहाताकडे असायची, म्हणजे ओघळ आला तर अक्षरं पुसत नाहीत. दार उघडलं की आधी खिडक्या, मग दिवा. कशाचाही वास घ्यायचा तर हाताने हवा नाकाकडे ढकलायच्या. घरी मीठ आणि साखरेच्या बरण्यांवर नावं होती, आणि दोन्ही पांढरं दिसतं हे त्या वहिनीला एकोणीस वर्षं सांगत होत्या. वहिनी म्हणायची, "वन्सं, चव घेतली की कळतं!" मावशी नुसत्या बघायच्या.

त्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. मी दोन वर्षांपूर्वी तिथल्या ग्रंथालयात लागलो. साहित्याची पदवी घेतलेला माणूस त्यांना गमतीचा वाटे.

"डोळे लाल आहेत," त्या एकदा म्हणाल्या. "हे निरीक्षण. पोरीने नाही म्हटलं, हे अनुमान. तुम्ही लोक थेट दुसऱ्यावर उडी मारता."

"साबण गेला, मावशी."

"बघ. गृहीतकं दोन झाली. आता तपासायला हवं."

आम्ल आणि आम्लारी यांची कपाटं त्यांनी वेगळी केली होती. वर्गीकरण म्हणजे सजावट नव्हे, मुलांची बोटं शाबूत ठेवायची सोय आहे, असं त्या म्हणत.

तरी ते घडलं. टेबलावरच्या एका बाटलीवर चिठ्ठी नव्हती. विज्ञानाच्या सरांनी ती आम्लारीची समजून वर्गात दिली. तांबडा लिटमस निळा व्हायला हवा होता. "सर, हा तांबडाच राहतोय," म्हणत एका मुलीने बाटली हलवली. आत आम्ल होतं, ते उडालं. मनगटावर दोन फोड आले. मावशींनी तिचा हात नळाखाली बराच वेळ धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मावशींना बोलावलं. मी नोंदवही घेऊन गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"बाई, लिहा की चिठ्ठी मुलांनी काढली. प्रकरण मिटेल, तुमची नोकरीही राहील."

"मी पाहिलं नाही, साहेब."

"मग तुम्ही लावायला विसरलात, असं लिहू?"

"तेही पाहिलं नाही. लावली असं आठवतंय. आठवणं हा पुरावा नाही."

"बाई, तुम्ही माझ्याच बाजूने बोला की हो जरा!"

मावशींनी तपासायला पंधरा दिवस मागितले. मुख्याध्यापकांनी दिले, पण त्यानंतर बदली कामगार बघू, असंही सुनावलं.

कार्यालयाने या वर्षी चिठ्ठ्यांचा गोंद बदलला होता. मावशींनी चार रिकाम्या बाटल्या घेतल्या. दोनांवर जुन्या गोंदाने चिठ्ठ्या लावल्या, दोनांवर नव्या गोंदाने. प्रत्येक गोंदाची एक बाटली आम्लाच्या कपाटात ठेवली, एक बाहेर. वहीत रकाने आखले: दिवस, बाटली, काय दिसलं, काय वाटतं. शेवटचा रकाना रोज रिकामा राही.

"मावशी, काहीतरी वाटत असेलच की," मी म्हणालो.

"वाटतंय ना. नोकरी राहावी, असं वाटतंय. म्हणूनच लिहीत नाही."

नवव्या दिवशी त्या घरी गेल्या, चपला काढल्या, खुर्चीत बसल्या. वहिनी पाणी घेऊन आली तोवर संपलं होतं. त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. मला हे फोनवर कळलं आणि मी "बरं" म्हणालो.

मुदतीच्या तेराव्या दिवशी मुख्याध्यापकांनी प्रकरण बंद केलं. कागदावर लिहिलं: मदतनीसाच्या विसरण्यामुळे अपघात. "आता त्यांना काय फरक पडतो," ते मला म्हणाले. वाईट मनाने म्हणाले नाहीत.

मी प्रयोगशाळेत गेलो. वहीत नवव्या दिवसाची ओळ होती. "कपाटातली, नवा गोंद: वरचा डावा कोपरा सुटला आहे. बाकी तीन जशाच्या तशा." पुढे दहा ते पंधरा हे दिवसांचे आकडे त्यांनी आधीच घालून ठेवले होते, त्यांच्यासमोरच्या ओळी कोऱ्या होत्या. पंधराव्या ओळीखाली एक जाड रेघ होती आणि पाचवा रकाना आखला होता, सगळ्या वहीत तेवढ्या एकाच जागी. वर लिहिलं होतं: निष्कर्ष. खाली काही नव्हतं.

कपाटाची किल्ली कार्यालयात जमा झाली आहे. त्यातल्या दोन बाटल्या आत आहेत.